दहावी खोली

“याला खोली कसली देताय? पोलिसांत द्या,” निवृत्त मास्तर म्हणाले. “काल भर रस्त्यात दुकानदाराच्या अंगावर धावून गेला.”

म्हातारा दाराशी मान खाली घालून उभा होता. वस्तीतल्या लोकांनी पदरमोड करून जुन्या गोदामात दहा खोल्या काढल्या होत्या, बेघरांसाठी. नऊ भरल्या होत्या. दहावी कुणाला द्यायची, यावर बैठक चालली होती.

“फुटपाथवर झोपला म्हणून दोनदा आत जाऊन आलाय तो,” इस्त्रीवाली म्हणाली. “सुटला की पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा पाठवून काय साधणार, मास्तर?”

“आधी दारू सोडू दे. मग बघू.”

“डोक्यावर छप्पर नसतं, तर तुम्ही तरी सोडली असतीत का?”

लोक हसले. मास्तर ओशाळले.

“आमच्या तर फार उपयोगी पडला,” चौथ्या खोलीतला प्लंबर म्हणाला. “आम्ही पुलाखाली राहायचो तेव्हा पालिकेची सामान उचलणारी गाडी कधी येणार, कुठल्या गल्लीतून येणार, सगळं याला आधी ठाऊक. चारदा आमची भांडीकुंडी वाचली.”

म्हाताऱ्याने मफलर नाकापर्यंत ओढला.

शेवटी हात वर झाले. मास्तरांचाही झाला, जरा उशिरा.

खोलीत खाट होती, खिडकी होती, कोपऱ्यात नळ. म्हाताऱ्याने कडी आतून लावली, काढली, पुन्हा लावली. चार वर्षांत पहिल्यांदाच तो बूट काढून झोपला.

पण ताटातलं जेवण रोज तसंच राहायचं. इस्त्रीवाली येता-जाता विचारायची, “काका, काही हवं-नको?” तो भिंतीकडे बघत नाही म्हणायचा.

पाचव्या दिवशी दुपारी तो तिच्या टेबलापाशी आला आणि किल्ली पुढे ठेवली.

“ही परत घ्या.”

“का? नळ गळतोय?”

“मी कोण आहे ते तुम्हाला माहीत नाही, बाई.” त्याने मफलर खाली केला. “अतिक्रमणाच्या पथकात मुकादम होतो मी. बावीस वर्षं. नदीकाठच्या झोपड्या माझ्याच हुकमाने पडल्या. तुम्हीही तिथल्याच, असं परवा कळलं. तुमच्या हातून खोली घेववत नाही.”

इस्त्री कॉलरवरून फिरत राहिली.

“तुम्ही दाराशी येऊन खोली मागितलीत, तेव्हाच मला कळलं होतं,” ती म्हणाली. “तुमचा आवाज विसरण्यातला नाही.”

म्हाताऱ्याने टेबलाची कड धरली. “मग माझ्यासाठी भांडलात कशाला?”

तिने सदऱ्याची घडी घातली, ती गठ्ठ्यावर ठेवली आणि किल्ली पुन्हा त्याच्याकडे सरकवली.

“घर पाडून तुम्ही गेलात, त्यानंतर माझी धाकटी लेक फुटपाथवर अकरा दिवस जगली.”