तारप्याला पाठ

जॅझ अल्बमची शेवटची रचना मी वर्षभर खपून लिहिली होती. कुठे माझा सॅक्सोफोन, कुठे वारली वादक धाकल्याकाकांचा तारपा, उत्स्फूर्त कुठे वाजवायचं तेसुद्धा कागदावर. झरीला, त्यांच्या गावी, अंगणात रेकॉर्डर आणि कागदांचा स्टँड कुडाशी, सावलीत ठेवून मी तिकडे तोंड केलं. तारप्याच्या भोपळ्यातून सूर निघाला आणि थांबला. “काय झालं, काका?” “तारप्याला पाठ नाय दाखवाची, बाय. नाचणारे पण नाय दाखवत.” मी वळले, तोच त्यांनी परत फुंकायला घेतलं. कागद आणि रेकॉर्डर पाठीमागे राहिले. मग त्यांच्याकडेच बघत वाजवलं. त्यांची बोटं थबकली की थांबायचे, पावलं सरकली की सरकायचे. लिहिलेलं काहीच वाजलं नाही. माझा दम संपला, त्यांचा नाही. रेकॉर्डर बंद करायचा होता आणि तारपा चालूच. अल्बमच्या शेवटी ऐकू येतात ती माझी उलटी चालणारी पावलं.