भगीरथची घंटा

माझा भगीरथ सिद्धगडाखालच्या एका मठात सेवेला आहे. मठ रोज सकाळची आरती इंटरनेटवर थेट दाखवतो. त्यात घंटा वाजवणारा माझा मुलगा दिसला की मगच तोंडात पाणी घ्यायचं, असं माझं व्रत आहे.

श्रावणात मठावर दरड आली आणि मठाचं पान उघडेनासं झालं. मी उपाशीच बसून राहिले. शेवटी धाकटे दीर सुरेंद्रभावजी कॉम्प्युटरशी खटपट करायला बसले.

"वहिनी, मठाचा पत्ता आता आपल्याच कॉम्प्युटरात लिहून ठेवलाय. नाव टाकलंत की बाहेर कुणाला विचारत बसणार नाय, थेट उघडेल."

खरंच उघडलं, आणि भगीरथ दिसला. मी देवापुढे साखर ठेवली.

"भावजी, त्याच्याशी एकदा बोलायचं होतं हो."

"चातुर्मासाचं मौन धरलंय त्यानं. आरतीत दिसतोय ना धडधाकट? मग झालं तर!"

आज आरती चालू असतानाच शेजारची जयश्री दारात आली. "काकी, तुमचं नेट चालतंय काय? रस्ता खोदताना केबल तोडली मेल्यांनी. कालपासून अख्ख्या आळीत कुणाकडं नाय."

मी भिंतीवरच्या नेटच्या डब्याकडे पाहिलं. त्याचा दिवा लाल होता. समोर भगीरथ घंटा वाजवतच होता.



मागून भावजींचा आवाज आला, "दिसला ना, वहिनी? मग घ्या आता घोटभर पाणी."