परतीचा वार

फेल्मार सलग तिसऱ्या दिवशी धक्क्यावर येऊन उभा राहिला. बायको आज येणार की उद्या, हे त्याला काही केल्या आठवत नव्हतं.

फोन करून विचारायला तोंड नव्हतं. गेल्या वर्षी जोव्हेलिन माहेराहून परतली, तेव्हा हा पठ्ठ्या कीड लागू नये म्हणून आंब्यांना रद्दी पेपर गुंडाळता गुंडाळता झाडावरच बातम्या वाचत बसला होता. ती तीन तास भर उन्हात इथेच ताटकळली. "पुन्हा विसरलास, तर मी यायचीच नाही," असं तिने तेव्हाच बजावलं होतं.

मग पलीकडच्या इलोइलो शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या धांदरटपणाला एडीएचडी असं नाव दिलं. गोळ्या दिल्या, वर पथ्यंही सांगितली: बायको बोलताना हातातलं काम बाजूला ठेवायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, ऐकलेलं तिला म्हणून दाखवायचं. फेल्मारने सगळं मनापासून पाळलं होतं.

"काय रे, बोटीशीच लग्न लावलंस का?" नावाडी दोदोंग ओरडला. "वहिनींना सांग, त्यांचं शिलाई मशीन चढवताना माझी कंबर गेली."

"दुरुस्तीला नेलंय ते. कधी येणार, तुला काही बोलली का?"

"बायको तुझी की माझी?"

फेल्मार ओशाळला. आणि एकदम त्याला आठवलं, निघण्यापूर्वीचं तिचं बोलणं आपण फोनवर टेप केलंय. डॉक्टरीणबाईंचंच आणखी एक पथ्य. नेमकं तेच विसरलो! एका खोक्यावर बसून त्याने टेप लावली आणि फोन कानाशी धरला. आधी तिचा आवाज, मागोमाग त्याचा.

"तुझ्या गोळ्या भाताच्या कुकरशेजारी."

"गोळ्या कुकरशेजारी."

"तांदूळ पिंपात आहे. दोन महिने पुरेल."

"दोन महिने."

"घराचे कागद बिस्किटाच्या डब्यात. माझी किल्ली शेजारच्या पासिंगमावशींकडे दिलीय."

"कागद डब्यात, किल्ली मावशींकडे."

किती सावकाश, समजावून सांगत होती ती. इतकी वर्षं हिचं निम्मं बोलणं आपण वाऱ्यावर सोडलं, या विचाराने त्याला भरून आलं.

"आणखी काही विचारायचंय तुला?" तिने विचारलं. नंतर बराच वेळ नुसता कोंबडा आरवत होता.

"छे! एकही शब्द सुटला नाही," त्याचाच खुशीतला आवाज आला आणि टेप संपली.

त्याने ती पहिल्यापासून पुन्हा लावली. मग आणखी एकदा.

तो काहीच विसरला नव्हता. परतीचा वार तिने सांगितलाच नव्हता.