मुळावर येणारी

ती लग्न करून या घरात आली, तेव्हापासून नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी तिच्याशी कामापुरतंही बोलत नव्हती. पहिली गेल्यापासून बागेलाही कुणी हात लावला नव्हता. शेवटी एका सकाळी तीच खराटा घेऊन उतरली. कुजक्या पानांखाली बोटाएवढ्या पांढऱ्या, लठ्ठ अळ्या वेटोळं करून पडल्या होत्या. माराव्यात की राहू द्याव्यात, तिला काही सुचेना. तिनं चप्पल उचलली.

"थांबा," मागून मुलगी म्हणाली. "यांच्यात दोन जाती असतात. एक नुसती कुजकी पानं खाते. दुसरी झाडाच्या मुळावर येते."

"मग ओळखायची कशी?"

"आई फरशीवर ठेवून बघायची. पाठीवर सरकली तर पानं खाणारी. पायांवर चालली तर टाकून द्यायची."

एक अळी फरशीवर ठेवून दोघी उकिडव्या बसल्या. अळी हलेना.

"ही कुठली म्हणायची?"

"इतक्यात कसं कळणार? दिसायला सगळ्या सारख्याच."

मुलगी अळीकडे नाही, सावत्र आईच्या तोंडाकडे बघत होती. बोलणं नक्की कुणाबद्दल चाललंय, तेच तिला कळेना.

"बघ सावकाश," ती म्हणाली. "मी आहे इथंच."