तिसरी पिन

"सर, प्लगची ही तिसरी जाड पिन नुसती शोभेला असते का?" पेणच्या आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी भर गर्दीत विचारलं, कारण 'हिंमत असेल तर विचार' म्हणून माझी मैत्रीण मृणालीने डिवचलं होतं. "शोभेलाच समज," म्हणत सर पक्कड घेऊन आले. पाणी तपासायचं यंत्र नवंकोरं होतं, पण भिंतीवरचा बोर्ड जुना, दोनच भोकांचा. पिन तोडली की प्लग बसणार होता, आणि उद्घाटनाचे पाहुणे जिन्यापर्यंत आले होते. मी प्लग मुठीत घट्ट धरला. आमच्या गावी, जोह्याला, आमच्याच गणपतीच्या कारखान्यात पप्पांनी रंग फवारायच्या कंप्रेसरची पिन अशीच तोडली होती. मग कंप्रेसरची वायर आतून सुटली, तेव्हा त्या पिनेतून जमिनीत जायचा तो करंट आईच्या ओल्या हातातून गेला आणि ती मूर्तींवर जाऊन आपटली. "सोड गो, पाहुणे आले!" मृणाली कुजबुजली. "नाय सोडणार! आधी अर्थिंगचा, तीन भोकांचा बोर्ड बसवा, मग यंत्र लावा." सरांनी पक्कड खाली ठेवली. "मग पाहुण्यांना तूच सांग." सांगितलं की! त्यांनी बंद यंत्राचीच फीत कापली. घरी कारखान्यात आले, तर तोच कंप्रेसर घरघरत होता. मी बटण बंद करून प्लग उपसला. "अगो, मूर्ती रंगवायच्या हायेत ना!" आई ओरडली. पप्पाही उठले. मी मूठ उघडली नाही. "आई, पप्पा, अर्थिंग होईपर्यंत हा प्लग मी लावू देणार नाय. बाप्पा बिनरंगाचे राहिले तरी चालतील."