पहिल्या पेटीचं अर्धं मिनिट

२००७ सालची गोष्ट. दिंडोरीजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये पेटी वजनकाट्यावर ठेवली, की मी लिहिलेला जावाचा प्रोग्राम निर्यातीचे नियम लावून ‘पास’ किंवा ‘नापास’ सांगायचा. पण दर पेटीला तो सगळे नियम नव्यानं कंपाइल करत, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवत बसायचा. पेटीमागे अर्धं मिनिट. बाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि शिव्या मला.

शेवटी नियम एकदाच कंपाइल करून मेमरीत ठेवायची सोय केली, तेव्हा हायसं वाटलं. आता प्रोग्राम सुरू केल्यावर पहिली पेटी काट्यावर आली, की नियम कंपाइल होणार, म्हणून फक्त तिला अर्धं मिनिट लागणार होतं. पुढच्या सगळ्या झटपट.

सकाळी काट्यावरच्या समाधानभाऊंनी पहिल्या पेटीला हळदकुंकू लावलं आणि ती काट्यावर ठेवली. लगेच ‘पास’. सगळे खूश झाले. मला मात्र ते पटेना. पहिलीला वेळ लागायलाच हवा होता.

मी पेटी खाली घ्यायला लावली आणि प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. काटा रिकामा होता. तरी नियम कंपाइल व्हायला लागले. बरोबर अर्ध्या मिनिटानं स्क्रीनवर ‘पास’ उमटलं.

समाधानभाऊंनी सुस्कारा सोडला आणि पेटी उचलली.

“झाली बघा त्यांची पहिली पेटी, मॅडम. आता आपली ठेवतो.”