सरळ केलेली सळई

जुन्या कोळशाच्या शेगड्या नव्यासारख्या करून देणाऱ्या मिस्त्रीला एक खोड होती. शेगडीमागची गोष्ट ऐकल्याशिवाय तो हातोड्याला हात लावायचा नाही.

"लग्नात मिळालेली आहे," गिऱ्हाईक हसत म्हणालं. "दर रविवारी हिच्यावर मांस भाजतो. बायकोचा फार जीव आहे हिच्यावर."

जाळीतली मधली सळई वाकून शेजारच्या सळईला टेकली होती. ती बघून मिस्त्रीचं डोकंच फिरलं. त्याने ती लालबुंद तापवली, ऐरणीवर धरली आणि शिव्या हासडत जुन्या वैऱ्यासारखी बडवून काढली. शेवटी आली एकदाची सुतासारखी सरळ.

शेगडी न्यायला गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं. "बघ, कशी चकाचक झालीय!" म्हणत त्याने तिची मान धरून जाळीवर वाकवली.

मिस्त्री आपल्याच खुशीत होता. "वहिनी, यातली एक सळई वाकडी होती. आता ओळखून दाखवा बरं कुठली ते!"

तिने फक्त तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ खाली ओढला. गालावर भाजल्याच्या रेघा ओळीने उठल्या होत्या, आणि त्यातली मधली वाकून शेजारच्या रेघेला टेकली होती.